पालख्यांच्या दिवसांत निघालेलं बीज

गौरी यायच्या आठ-दहा दिवस आधी पुण्यातल्या कुठल्याही पेठेत औषधाच्या दुकानात जरा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य दबक्या आवाजात ऐकू येतंच. "पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या द्या." दुकानदार काही न विचारता कागदी पाकिटात स्ट्रिप घालतो आणि बाई पाकीट पर्समध्ये टाकून निघते. पाळीत गौरींपुढे बसायला माझ्या मते काहीच हरकत नाही, आणि हे मी आमच्या घरात अनेकदा बोलून दाखवलं आहे. पण गेल्या वर्षी माझ्या पुतणीनं वेगळाच प्रश्न विचारला. गौरी जेवल्या, विसर्जन झालं, तिनं गोळ्या बंद केल्या आणि तिसऱ्या दिवशी पाळी आली. "काकू, मग इतके दिवस ते रक्त साठलं कुठं होतं?"

मी बरीच वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. पुटिकेची, म्हणजे अंडाशयात स्त्रीबीज सांभाळणाऱ्या पिशवीची, आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. पण इतका नेमका प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. मुली मान खाली घालून आकृती उतरवून घेत आणि मुलं खिडकीबाहेर बघत.

रक्त कुठंच साठलेलं नसतं. पाळी संपते तेव्हा गर्भाशयाचं आतलं अस्तर जेमतेम काही मिलिमीटर जाड असतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून जाणारा रासायनिक निरोप, ते वाढवतं. नंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक येतं आणि त्याच अस्तराला मऊ, रसदार, गर्भाला रुजण्याजोगं करून टिकवून धरतं. प्रोजेस्टेरॉन ओसरलं, की अस्तरातल्या नागमोडी रक्तवाहिन्या आवळतात, वरचा थर सुटतो आणि त्याच्यासोबत रक्त बाहेर येतं. दुकानातल्या त्या गोळीत असतं नोरेथिस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध. ते पोटात जात असेपर्यंत अस्तर जागेवर राहतं. रक्तस्राव सुरूच झालेला नसतो, तर साठणार काय? गोळी थांबली, की दोन-तीन दिवसांत अस्तर सुटतं. एक मात्र सांगायला हवं. ज्यांना कधी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे, ज्यांना यकृताचा आजार आहे, त्यांच्यासाठी ही गोळी धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नये. ज्या सहजपणे ती काउंटरवरून दिली जाते, ते मला मुळीच पटत नाही.

म्हणजे गर्भाशय स्वतः काही ठरवत नाही, रक्तातून येणाऱ्या निरोपाची वाट बघतं. १८९६ साली व्हिएन्नामध्ये एमिल क्नाउअर यांनी सशांची अंडाशयं काढून शरीरात दुसऱ्याच जागी लावली. मूळच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, तुटलेल्या होत्या, तरीही गर्भाशय सुकलं नाही. अंडाशय काहीतरी रक्तात सोडत असणार, याचा तो पहिला भक्कम पुरावा होता. याची उलटी बाजू आपल्या पुण्यात दिसली. मे २०१७ मध्ये गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. तिथंच अशा शस्त्रक्रियेत एका तरुणीला तिच्या आईचं गर्भाशय बसवलं गेलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला मुलगी झाली. ज्या गर्भाशयात ती स्वतः वाढली, त्याच गर्भाशयात तिची मुलगी वाढली. प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या जोडतात, नसा जोडत नाहीत. तरीही असं आणलेलं गर्भाशय नव्या शरीरातल्या अंडाशयांचं ऐकू लागतं आणि महिन्याच्या महिन्याला पाळी येते. मला ही बातमी वाचून कितीतरी दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

तर मग निरोप पाठवतं कोण? अंडाशय, हे उत्तर बरोबर आहे पण अर्धवट. अंडाशयातली एक पुटिका, हे नेमकं उत्तर. सोनोग्राफीच्या कागदावर तिलाच फॉलिकल म्हणतात.

अंडाशय सालासकट बदामाएवढं असतं. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून साधारण साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माला येईपर्यंत त्यातली दहा-वीस लाख उरतात, पहिल्या पाळीच्या वेळी तीन-चार लाख. आयुष्यभरात बाहेर सुटतात ती फक्त चारशेच्या आसपास. प्रत्येक बीजाभोवती पेशींचं एकेरी वेष्टण असतं आणि आतलं बीज विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थबकलेलं असतं. गुणसूत्रांच्या जोड्या जुळलेल्या, पण वेगळ्या न झालेल्या. चाळिसाव्या वर्षी सुटणारं बीज चाळीस वर्षं त्याच अवस्थेत थांबलेलं असतं. इतक्या काळानं जोड्या सोडवताना चुका वाढतात. वय वाढलं की गर्भ राहायला आणि टिकायला अवघड का जातं, याचं मोठं कारण हेच.

या साठ्यातून रोज काही पुटिका जाग्या होऊन वाढू लागतात. त्यांना मेंदूचा हुकूम लागत नाही. लहानपणी, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतानाही हे सुरूच असतं. एकेरी वेष्टणाचे थर होतात, बाहेरून आणखी एक आवरण चढतं, मध्ये पाण्याची पोकळी तयार होते. अगदी पहिल्या जागेपणापासून मोजलं तर या वाटचालीला कित्येक महिने लागतात, आणि वाट नीट मोजता येते तो शेवटचा टप्पाच सुमारे ८५ दिवसांचा असतो. म्हणजे या महिन्यात सुटणाऱ्या बीजाची पुटिका तीन पाळ्या आधीच वाटेला लागलेली असते. तिच्यासोबत निघालेल्या बाकीच्या बहुतेक सगळ्या वाटेतच विरून जातात.

पाळीच्या सुमारास दोन ते पाच मिलिमीटरच्या मूठभर पुटिका तयार असतात. त्याच वेळी मेंदूच्या तळाशी असलेली, हरभऱ्याएवढी पीयूषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक थोडं वाढवते. ते मिळालं तरच या पुटिका पुढे जगतात. इथून पुढे जे घडतं ते शिकवताना माझा तास नेहमी संपायचा, कारण मी इथं रेंगाळायचेच.

पुटिकेच्या बाहेरच्या आवरणातल्या पेशी पीयूषिकेच्या दुसऱ्या संप्रेरकाचं, एलएचचं ऐकतात आणि पुरुषी म्हणून ओळखली जाणारी संप्रेरकं बनवतात. आतल्या थरातल्या पेशी एफएसएचचं ऐकतात आणि तोच माल घेऊन त्याचं इस्ट्रोजेन करतात. एकटीला हे काम जमत नाही. बाहेरची कणीक मळते आणि आतली पोळ्या लाटते, असं मी पुतणीला सांगितलं. जी पुटिका जरा पुढे असते, ती जास्त इस्ट्रोजेन बनवते. इस्ट्रोजेन, आणि पुटिकांतूनच येणारं इनहिबिन, दोघंही पीयूषिकेला कळवतात की आता एफएसएच कमी कर. एफएसएच उतरतं. मागे राहिलेल्यांना ते पुरत नाही आणि त्या कोमेजतात. पुढची मात्र तरते, कारण तिच्या आतल्या पेशींवर एफएसएच पकडणाऱ्या जागा जास्त असतात, तिच्याभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं आणि दहा मिलिमीटरच्या आसपास पोचताना ती एलएचवरही जगायला शिकलेली असते. ज्या टंचाईत तिच्या बहिणी मरतात, ती टंचाई तिनंच आणलेली असते.

वंध्यत्वावरच्या उपचारात रोज टोचली जाणारी इंजेक्शनं नेमकी ही टंचाई होऊ देत नाहीत. एफएसएच बाहेरून दिल्यामुळे एकाऐवजी आठ-दहा पुटिका पिकतात. "माझी सगळी बीजं संपून जातील का?" अशी भीती अनेकींना वाटते. तसं होत नाही. ज्या वाढतात, त्या नाहीतरी त्याच महिन्यात विरून जाणार होत्या. आणि हे संप्रेरक आधी कुठून मिळवलं, तेही ऐकण्याजोगं आहे. पाळी कायमची गेल्यावर अंडाशयाकडून "थांब" सांगणारं कुणी उरत नाही, म्हणून पीयूषिका एफएसएच भरपूर सोडत राहते आणि ते लघवीतून बाहेर पडतं. १९५०च्या दशकाच्या शेवटी इटलीतल्या मठांमधल्या वृद्ध नन्सची लघवी गोळा करून त्यातून हे औषध काढलं गेलं. ज्यांनी आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलं, त्यांच्यामुळे इतर कितीतरी घरांत पाळणे हलले. १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगात असंच संप्रेरक वापरलं, तेव्हा जगात ही वाट फारशी कुणी धरलेली नव्हती.

टिळक रस्त्यावरच्या एका सोनोग्राफी केंद्रात मी एका नातेवाईक मुलीसोबत फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे पुटिका किती मिलिमीटर वाढली ते मोजायला, जात असे. पाळीच्या नवव्या दिवशी कागदावर "उजवीकडे ११", अकराव्या दिवशी १५, तेराव्या दिवशी १९. बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना हे आकडे परीक्षेच्या मार्कांसारखे विचारत. एकीनं सांगितलं, "या वेळी डावीची पाळी होती, पण उजवीकडेच आलं." दोन्ही अंडाशयं आळीपाळीनं काम करतात ही समजूत पक्की आहे, पण तसा नियम नाही. ज्या बाजूची पुटिका पुढे निघेल ती बाजू.

पुटिका वीस मिलिमीटरच्या आसपास पोचते, तेव्हा इतके दिवस पीयूषिकेला आवर घालणारं तेच इस्ट्रोजेन उलटा निरोप देऊ लागतं. रक्तात ते भरपूर वाढलं आणि दोनेक दिवस तसंच चढं राहिलं, की एलएचचा लोंढा सुटतो. लोंढा सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांत पुटिका फुटते. वर्षानुवर्षं थबकलेलं बीज त्याच वेळात अर्धी गुणसूत्रं बाजूला काढून पुढे सरकतं. केंद्रात ज्याला फोडायचं इंजेक्शन म्हणतात, ते या लोंढ्याचीच नक्कल असते.

आपण समजतो की महिन्याचं घड्याळ मेंदूत असतं. अमेरिकेत अर्न्स्ट क्नोबिल यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांनी वेगळंच दाखवलं. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातून पीयूषिकेला चालना द्यायला येणारा, जीएनआरएच या संप्रेरकाचा ठोका त्यांनी बंद पाडला आणि पंपानं बाहेरून तासाला एक असा तो देत राहिले. ठोका कधीच बदलला नाही, तरी महिन्याचं चक्र सुरळीत चाललं. जीएनआरएच सलग दिलं तर मात्र सगळं ठप्प झालं. मेंदूनं नुसता एकसारखा ठोका दिला तरी पुरतं. आज कितवा दिवस आहे, हे पुटिका सांगते.

म्हणून पाळी लांबते तेव्हा बहुतेक वेळा पुटिकेला निघायला किंवा पिकायला उशीर झालेला असतो. बीज सुटल्यानंतरचे दिवस बहुतेकींत साधारण बारा ते चौदा, फार बदलत नाहीत. फुटलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन सोडतो आणि गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांत विझतो. गर्भ राहिला, तर गर्भाकडून येणारं एचसीजी हे संप्रेरक त्याला विझू देत नाही. लघवीच्या चाचणीत दिसणाऱ्या दोन रेघांपैकी एक चाचणी नीट झाल्याची खूण असते, दुसरी त्या एचसीजीचीच.

ठोका मंदावला तरी चक्र थांबतं. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी कॉटवर राहणाऱ्या मुली माझ्याकडे कधीकधी येतात. मेसचा एक डबा दोन वेळा पुरवायचा, रात्री जागायचं आणि चार-चार महिने पाळी नाही. शरीराला अन्न कमी पडतंय असं कळलं की हायपोथॅलॅमस ठोके कमी करतो. चार महिने ही थांबून बघण्याची गोष्ट नाही, तपासून घ्यायला हवं. पीसीओडीत याच्या उलट घडतं. ठोके वेगानं पडतात, एलएच वाढतं, इन्सुलिनही वाढलेलं असेल तर पुटिकांचं बाहेरचं आवरण जास्तच काम करतं आणि एकही पुटिका पुढे निघत नाही. सोनोग्राफीत माळेसारख्या दिसतात त्यांना घरोघरी "गाठी" म्हणतात. त्या गाठी नसतात, वाटेत अडकलेल्या पुटिका असतात. गाठ हा शब्द ऐकून रडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे जरा ठासून सांगते.

पुतणीनं सगळं ऐकून भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. गोळ्यांमुळे पाळी आठवडाभर सरकली, तर बीजही तितकंच पुढे सरकून पितृपक्ष संपता संपता सुटेल, असं आम्ही मोजलं. तिथून ८५ दिवस मागे मोजत ती पानं उलटत गेली. भाद्रपद, श्रावण, आषाढ. बोट थांबलं तिथून जेमतेम आठवडाभर आधी ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या. "म्हणजे मी लक्ष्मी रोडला वारकऱ्यांना केळी वाटत होते ना," ती म्हणाली, "त्याच दिवसांत हे निघालं होतं?" साधारण तेव्हाच, मी म्हटलं. तिनं पेन घेतलं आणि त्या तारखेवर एक बारीक गोल काढला.