पॉडकास्ट कुठे संपतो आणि ऑडिओ कोर्स कुठे सुरू होतो

येळ्ळूरच्या एका शेतकऱ्यांचा परवा फोन आला. "बाई, तुमचा तो पॉडकास्ट केवढ्याला?" पॉडकास्ट फुकट आहे, विकत मिळतो तो कोर्स, असं सांगितल्यावर ते गोंधळले. "दोन्हीत तुम्हीच बोलालाय की! मग फरक कसला?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो फक्त ऐकणाऱ्यांना पडत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच मंडळी हल्ली आपल्याजवळची माहिती आवाजात भरून विकायचं म्हणतात. कुणाला दुभत्या जनावरांबद्दल सांगायचं असतं, कुणाला शिवणकामाबद्दल, कुणाला हिशेबाबद्दल. मग मोबाइलसमोर बसून वीस भाग मनापासून बोलतात, त्यांना कोर्स म्हणतात, किंमत लावतात आणि कुणी घेतलं नाही की खट्टू होतात. बोलण्यात खोट नसते. त्यांनी केलेला असतो पॉडकास्ट, आणि किंमत लावलेली असते कोर्सची.

मी अनगोळात राहते. मराठी माणसाला रोजच्या कामापुरतं कन्नड शिकवते, तेही फक्त कानाने. हा विषय मुळात कानाचाच आहे. कन्नडमध्ये 'कोडु' ऱ्हस्व म्हटलं तर 'दे', आणि त्यातला 'ओ' लांबवला तर 'शिंग'. आपल्या देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतं. पुस्तकातून पाठ केलेला माणूस काउंटरवर जाऊन शिंग मागतो ते यामुळे.

आमच्या पिढीला फरक लगेच कळावा म्हणून मी रेडिओ आणि कॅसेटची आठवण देते. धारवाड आणि सांगली आकाशवाणी घरात लागलेली असायची. चपात्या लाटता लाटता ऐकायचं, एखादा कार्यक्रम चुकला तर उद्या दुसरा. कॅसेटचं तसं नव्हतं. ती पैसे देऊन, निवडून आणलेली असायची. नाही कळलं की मागे फिरवून पुन्हा ऐकायची. पॉडकास्ट हा रेडिओच्या घरातला. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' जोडून तयार झालेला हा शब्द बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने २००४ साली एका लेखात वापरला. तुम्ही नवा भाग चढवला की तो ऐकणाऱ्याच्या ॲपमध्ये आपोआप येऊन पडतो, आणि ही ये-जा वर्षानुवर्षं चालू राहू शकते. कोर्स हा कॅसेटच्या घरातला. त्याला पहिला पाठ असतो आणि शेवटचाही. सातवा पाठ सहाव्यावर उभा असतो.

माझ्या पॉडकास्टचा एक भाग 'तूप' आणि 'तुप्प' यांवर आहे. दोन्ही भाषांचं साटंलोटं त्यात येतं, लोकांना तो आवडला, गोव्यापर्यंत फिरला. पण तो ऐकून कुणी तालुका कचेरीच्या खिडकीपाशी चार शब्द बोलू लागेल का? नाही, आणि ते त्या भागाचं कामही नाही. कोर्स मी त्या खिडकीपासूनच उलटा लिहिला. जमिनीचा उतारा मागायचा, तर इथे शब्द 'पहणी'. "पहणी एल्ली सिगतदरी?" म्हणजे पहणी कुठे मिळते. समोरून उत्तर येतं, "नाळे बर्री", उद्या या. इथे आपला माणूस मान हलवून परत फिरतो. त्याला एवढंच विचारता आलं पाहिजे: "एष्ट गंटेगे बरलिरी?" किती वाजता येऊ? हे वाक्य न अडखळता तोंडातून निघणं हा माझ्या कोर्सचा शेवट. तिथे न पोचवणारं सगळं मी काढून टाकलं, त्यात माझ्या आवडीच्या दोन गोष्टीही गेल्या.

सगळ्यात मोठा फरक मात्र शब्दांत नाही, गप्प राहण्यात आहे. पॉडकास्टमध्ये चार सेकंद शांतता आली तर ऐकणाऱ्याला वाटतं फोन बंद पडला. संपादन करताना आपण ती कापतो. कोर्समध्ये त्याच चार सेकंदांत ऐकणारा तोंड उघडतो. मी विचारते, "उद्या किती वाजता येऊ, कसं म्हणाल?" आणि थांबते. तो बोलतो. मग मी बरोबर वाक्य देते. माझ्या बारा मिनिटांच्या पाठात जवळजवळ चार मिनिटं मी गप्पच असते. सुरुवातीला हे पाठ मी एका पॉडकास्ट ॲपवर खासगी दुव्याने दिले होते. तीन जणींनी कळवलं, "बाई, तुम्ही आम्हाला बोलूच देत नाही." शोधल्यावर कळलं, ॲपमध्ये शांतता आपोआप कापायची सोय होती आणि ती चालू होती. विकलेल्या मालातला सगळ्यात किमती भाग वाटेतच गळत होता. तेव्हापासून मी साध्या एमपीथ्री फाइल देते.

तेच वाक्य पुन्हा कधी विचारायचं, यासाठी पॉल पिम्सलर या अमेरिकन भाषातज्ज्ञांनी १९६७ साली मांडलेलं वेळापत्रक मला फार उपयोगी पडलं. नवा शब्द ५ सेकंदांनी विचारा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी. त्यापुढे तासाने, ५ तासांनी, दुसऱ्या दिवशी, ५ दिवसांनी. विसरायच्या बेतात असताना आठवायला लावायचं, म्हणजे ते पक्कं बसतं. दुभत्या जनावरांचा कोर्स असला तरी हेच लागू: स्तनदाहाची लक्षणं एकदा सांगून पुढे गेलात तर ती माहिती झाली, पुढच्या पाठात "सांगा बघू, कास कशी लागते हाताला?" असं विचारून थांबलात तर शिकवणं झालं.

ध्वनिमुद्रणाची तयारी दोन्हीला सारखीच, त्यात अडकू नका. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून, खिडकीवर वाकळ टाकून, पंखा बंद करून पहाटे बसलं की भागतं. खानापूरकडच्या पत्र्याच्या घरात मात्र जून ते सप्टेंबर मुद्रणाचा नाद सोडा. फाइल एकमार्गी (मोनो) आणि ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, ठेवली की तासाभराचा आवाज २९ एमबीच्या आत बसतो. जांबोटीकडे जिथे रेंजच धड नाही, तिथे याला मोल आहे.

पॉडकास्टमध्ये आजचा दिवस आलाच पाहिजे: आज पाऊस कसा आहे, गणपती आले, कारखाने सुरू झाले. कोर्समधून तो निग्रहाने बाहेर ठेवा. मी एका पाठात एका दाखल्याची फी बोलून गेले होते. फी बदलली आणि अख्खा पाठ पुन्हा करावा लागला. आता बदलणारे आकडे वेगळ्या कागदावर देते, आवाजात नाही.

पैशाकडे येऊ. पॉडकास्ट सहसा फुकट असतो, त्याची कमाई जाहिरातीतून किंवा ऐकणाऱ्यांच्या स्वखुशीच्या मदतीतून येते. तो जितका फॉरवर्ड होईल तितकं बरं. कोर्स फॉरवर्ड झाला की पोटावर पाय. कुलूप लावून हे थांबत नाही, मी प्रयत्न केला. फायदा झाला तो वेगळ्याच गोष्टीचा: कोर्स घेणाऱ्याने रोज एक व्हॉइस नोट पाठवायची, मी उच्चार सुधारून परत पाठवते. फाइल फॉरवर्ड होते, हे होत नाही. किमतीबद्दल लोक विचारतात, "एकूण तास किती?" तासावर भाव लावू नका. चोवीस छोट्या पाठांत काम होत असेल तर चाळीस करणं म्हणजे ऐकणाऱ्याचा वेळ खाणं.

आपण सीमेवर राहतो म्हणून एक गोष्ट विशेष सांगते. गाडीत लावायला पेनड्राइव्ह द्या, असा आग्रह चंदगडकडची मंडळी करतात. फाइलची लिंक विकणं ही जीएसटीच्या दृष्टीने सेवा, आणि दुसऱ्या राज्यात दिली तरी वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पेनड्राइव्ह ही वस्तू. तो पार्सलने महाराष्ट्रात विकला की राज्याबाहेर वस्तू विकणं झालं, आणि तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी आली. चंदगड आपल्याला परगावही वाटत नाही, कायद्याला मात्र ते दुसरं राज्य आहे. एकदा सी.ए.शी बोलून घ्या.

दुसऱ्याचा आवाज घेत असाल तर कागद करा. पॉडकास्टच्या पाहुण्याला लोक तोंडी विचारतात, निभावून जातं. कोर्स वर्षानुवर्षं विकला जाणार. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लिहूनच द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि "दहा सेकंद गाणं वापरलं तर चालतं" अशी सवलत त्या कायद्यात कुठेही नाही.

येळ्ळूरच्या त्या भाऊंना मी आधी फुकटचा पहिला पाठ पाठवला. संध्याकाळी त्यांची व्हॉइस नोट आली. मागे म्हैस हंबरत होती. 'कोडु'तला 'ओ' त्यांनी चांगलाच लांबवला होता. मी उलट टपाली आखूड 'ओ' म्हणून पाठवला आणि चार सेकंद रिकामे सोडले.