जुन्या हार्डवेअरचा स्वस्त म्युझिक प्लेअर : घ्यावा की नाही?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हजार-दोन हजारांत मिळणारा खिशात मावेल असा प्लेअर हातात घेऊन ग्राहक आम्हाला नेहमी एकच प्रश्न विचारतात : “आतली चिप म्हणे दहा-बारा वर्षांपूर्वीची आहे. मग पैसे वाया जातील का?” आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. फक्त ऐकण्यासाठी हवा असेल आणि बॅटरी ठणठणीत असेल, तर बिनधास्त घ्या. व्हिडिओ पाहायला किंवा इंटरनेटवरची गाणी लावायला हवा असेल, तर घेऊ नका. आमच्या दुकानातूनही घेऊ नका. असं का, ते पुढे वाचा आणि मगच ठरवा.

गाणं वाजवायला चिपला किती काम पडतं?

फारच थोडं. २३ ऑक्टोबर २००१ रोजी अॅपल कंपनीचा पहिला आयपॉड हा खिशातला प्लेअर जाहीर झाला, तेव्हा त्यात ५ जीबीची डिस्क होती, ३२ एमबी मेमरी होती आणि प्रोसेसर होता ९० मेगाहर्ट्झचा. आजच्या साध्या स्मार्टफोनपुढे ही ताकद काहीच नाही. तरी तो प्लेअर एमपी थ्री विनातक्रार वाजवत होता. एमपी थ्री फाइल तेव्हा जशी उलगडावी लागायची तशीच आजही लागते, त्यामुळे गाण्याच्या बाबतीत चिपचं वय आडवं येत नाही. उलट कमी ताकदीची चिप वीजही कमी खाते. सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस हा २००९ चा प्लेअर आगपेटीएवढा. त्यातली बॅटरी इवलीशी, तरी कंपनी १५ तास सांगायची. त्याच वर्षीच्या १६० जीबीच्या आयपॉड क्लासिकला ३६ तास सांगितले जायचे.

आवाजाचा दर्जा ठरतो तो आकड्यांचं ध्वनीत रूपांतर करणारी चिप आणि हेडफोनला ताकद देणारा छोटा अॅम्प्लिफायर यांवर. ही कामं करणाऱ्या उत्तम चिप वीस वर्षांपूर्वीही होत्या. २००५ च्या पाचव्या पिढीच्या आयपॉडमध्ये वुल्फसन कंपनीची चिप आहे आणि तिच्यासाठी हौशी लोक आजही तो आयपॉड शोधत येतात. याउलट काल बाजारात आलेल्या, चकचकीत खोक्यातल्या प्लेअरमधूनही सतत बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज येऊ शकतो. म्हणून दुकानात येताना स्वतःचा इअरफोन घेऊन या. ढोल-ताशाचं गाणं लावून पारखू नका, त्यात सगळे दोष झाकले जातात. संथ आलाप लावा, आवाज कमी ठेवा, आणि गायक थांबतो तेवढ्या जागेत काय ऐकू येतं ते ऐका. तिथे फक्त तानपुरा ऐकू आला, तर प्लेअर चांगला.

खरी तपासणी बॅटरीची

आमच्याकडे परत येणाऱ्या जुन्या प्लेअरमध्ये चिप बिघडलेले थोडे, बॅटरी गेलेले फार. लिथियम बॅटरी वापरल्याने झिजते आणि नुसती ठेवल्यानेही झिजते. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता ठळकपणे उतरते. ‘सील पॅक’ खोक्यातला जुना प्लेअर म्हणजे नवा प्लेअर, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. सहा-सात वर्षं गोदामात पडून राहिलेल्या बॅटरीने तेवढी वर्षं काढलेली असतात, आणि मधल्या काळात ती पार उतरून गेली असेल तर अनेकदा पुन्हा जीवच धरत नाही. खोक्यावरचं सील बघून जास्त पैसे देऊ नका.

वापरलेला किंवा जुन्या साठ्यातला प्लेअर विकण्याआधी आम्ही तो पूर्ण चार्ज करतो, मध्यम आवाजावर आपोआप बंद पडेपर्यंत वाजवतो आणि किती तास चालला ते बिलावर लिहून देतो. दुसरीकडून घेत असाल तर तिथेही हेच मागा. पडद्यावरचं बॅटरीचं चित्र पाहून काही कळत नाही. खचलेली बॅटरीही चार्ज झाल्या झाल्या पूर्ण भरल्यासारखी दिसते आणि अर्ध्या तासात तळाला जाते.

बॅटरी बदलता येते का, हेही आधी विचारा. छोट्या प्लेअरमध्ये ती बहुधा दोन तारांनी सोल्डर केलेली असते. त्या मापाची बॅटरी मिळाली तर काम सोपं आहे. आयपॉड क्लासिकच्या शेवटच्या पिढ्यांचं धातूचं झाकण मात्र उघडताना वाकतं, त्यामुळे मजुरी वाढते. बदली बॅटरीवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. बॅटरी फुगून पडदा किंवा झाकण वर आलेलं दिसलं, तर तो प्लेअर चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टाचणीने टोचू तर अजिबात नका. तसाच आमच्याकडे आणा.

चार्जिंगबद्दल एक सूचना, कारण यावरून फार गैरसमज होतात. स्वस्त प्लेअरला टाइप-सीचं तोंड दिलेलं असलं, तरी चार्जरला प्लेअरची ओळख पटवणारे आतले दोन छोटे रेझिस्टर पैसे वाचवायला पुष्कळदा गाळलेले असतात. त्यामुळे फोनच्या नव्या चार्जरला दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने लावला, तर तो चार्जच होत नाही आणि ग्राहकाला वाटतं की प्लेअर मेला. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल लावा, लगेच चार्ज होऊ लागेल.

मेमरी कार्डाचे घोळ

प्लेअर जुना असेल तर ३२ जीबीपर्यंतचं कार्ड घ्यावं, हा आमचा सरळ सल्ला. त्याहून मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात आणि २०१० च्या आसपासच्या प्लेअरला ती पद्धत वाचता येत नाही. मग ‘कार्ड नाही’ असा संदेश येतो. ६४ जीबीचं कार्ड फॅट ३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलं तर बरेच प्लेअर ते स्वीकारतात. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत तो पर्याय एवढ्या मोठ्या कार्डाला दिसत नाही. आम्ही ते करून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

३२ जीबी पुरतात का? ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी थ्रीचा एक मिनिट साधारण २.४ एमबीचा, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीचं. अशी अडीच हजारांहून जास्त गाणी बसतात. कीर्तनं, प्रवचनं, स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं १२८ केबीपीएसला छान ऐकू येतात आणि ती ५०० तासांहून जास्त मावतात. सीडीइतका शुद्ध आवाज जपणाऱ्या फ्लॅक फाइल हव्या असतील, तर मात्र हजारभर गाण्यांत कार्ड भरत येईल, आणि प्लेअर फ्लॅक वाजवतो का हे आधी तपासावं लागेल.

नकली कार्डांपासून जपा. ‘१२८ जीबी’ छापलेल्या नकली कार्डात प्रत्यक्षात कधी कधी चारच जीबी असतात आणि प्लेअर किंवा कॉम्प्युटर भोळेपणाने छापील आकडाच दाखवतो. गाणी कॉपीही होतात. पुढची वाजत मात्र नाहीत. ‘१२८ जीबी इनबिल्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अतिस्वस्त प्लेअरमध्येही हीच लबाडी सापडते. उपाय एकच : कार्ड पूर्ण भरायचं आणि शेवटची फाइल वाजवून बघायची. दुकानात आम्ही हे काम ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या मोफत प्रोग्रॅमने करतो.

मराठी नावं आणि गाण्यांचा क्रम

ही अडचण खोक्यावर लिहिलेली नसते आणि आपल्या लोकांना ती सगळ्यात जास्त सतावते. जुन्या प्लेअरच्या फर्मवेअरला, म्हणजे प्लेअर चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमला, देवनागरी नीट येत नाही. कुठे नुसते चौकोन दिसतात, कुठे जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. ‘ज्ञानेश्वर’ वाचता येत नाही, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी हवा तो अभंग शोधायचा कसा? सध्या तरी व्यवहारी मार्ग असा आहे, की फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवायचं आणि सुरुवातीला 01, 02 असे आकडे टाकायचे, तेही इंग्रजीच. फाइलच्या आत गायक-अल्बमची माहिती देवनागरीत भरलेली असेल तर तीही बदलावी लागते, कारण काही प्लेअर फाइलचं नाव सोडून तीच माहिती दाखवतात.

क्रमाचंही तसंच. बरेच स्वस्त प्लेअर नावाचा क्रम पाहत नाहीत. फाइल ज्या क्रमाने कार्डावर उतरल्या, त्याच क्रमाने वाजवतात. सगळा फोल्डर एकदम टाकला तर आरत्यांच्या आधी मंत्रपुष्पांजली येऊन बसते. कॉपी करताना एकेक फाइल क्रमाने टाकावी, किंवा कार्ड आमच्याकडे आणावं. क्रम लावायला पाच मिनिटं लागतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून तपासा : बंद करून पुन्हा चालू केल्यावर प्लेअर थांबला होता तिथूनच सुरू होतो का? तीन मिनिटांच्या गाण्याला याने फरक पडत नाही. दीड तासाचं कीर्तन पाऊण तासावर थांबलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या अभंगापासून सुरू झालं, तर ऐकणारा दोन दिवसांत कंटाळतो आणि प्लेअर कपाटात जातो. आम्ही दाखवताना हे करूनच दाखवतो.

काही जुन्या प्लेअरवर रॉकबॉक्स नावाचं मोफत फर्मवेअर चढवता येतं. जगभरचे स्वयंसेवक ते २००१ पासून घडवत आहेत. सान्सा क्लिप प्लस, क्लिप झिप, अनेक आयपॉड यांना ते चालतं, आणि कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेल्या यंत्राला त्यामुळे फ्लॅक, खुणा ठेवण्याची सोय, बारकाईने लावता येणारा इक्वलायझर असं बरंच काही मिळतं. लोकांनी पदरमोड करून जपलेल्या या कामाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. देवनागरीची अडचण मात्र त्यानेही सुटत नाही.

व्हिडिओ आणि इंटरनेट : इथे थांबा

जुन्या अँड्रॉइडवर चालणारे टचस्क्रीन ‘मीडिया प्लेअर’ स्वस्तात दिसतात. २०१३ चं अँड्रॉइड ४.४ किंवा त्याहून जुनं असेल, तर गाण्यांची आणि व्हिडिओची आजची अॅप त्यावर बसत नाहीत, बसलेली हळूहळू बंद पडतात. अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या यंत्रांवर गूगल खातं उघडणं तर सप्टेंबर २०२१ पासूनच बंद आहे. फोनवर काढलेले लग्नाचे, बारशाचे व्हिडिओही यावर अनेकदा चालत नाहीत, कारण आजचे बरेच फोन एचईव्हीसी पद्धतीने चित्रण करतात आणि जुन्या चिपला ती पद्धत उलगडता येत नाही. इथे चिपचं वय खरोखर नडतं. व्हिडिओच हवा असेल, तर घरात पडलेला चार-पाच वर्षांपूर्वीचा स्मार्टफोन सिमशिवाय वापरा. तो यापेक्षा सरस ठरेल आणि फुकटात पडेल.

ब्लूटूथचंही आधी करून बघा. पुष्कळ जुन्या प्लेअरमध्ये ते नसतंच. असलं, तरी पडदा नसलेल्या प्लेअरला आपला इअरबड जोडायला शिकवणं जिकिरीचं होतं, आणि बॅटरीही लवकर संपते. वायरचा इअरफोन लावायची तयारी असेल तरच हा प्लेअर तुमच्या उपयोगाचा. एफएमसाठीही वायर लागतेच, तीच अँटेनाचं काम करते.

मग कोणी घ्यावा?

अभ्यासिकेत बसणाऱ्या, फोन घरी ठेवून व्याख्यानं ऐकू इच्छिणाऱ्या मुलामुलींनी जरूर घ्यावा; यावर ना मेसेज येतो ना रील दिसते. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी, रेंज नसलेल्या रानात काम करणाऱ्यांनी, वारीला निघालेल्यांनी घ्यावा. बटणांचा घ्यावा, म्हणजे खिशात हात घालून न बघता गाणं बदलता येतं.

घरातल्या आजी-आजोबांना इअरफोन नको असेल आणि मोठ्याने ऐकायचं असेल, तर मात्र आम्ही वेगळं सुचवतो. कार्डाची सोय असलेला साधा कीपॅड फोन घ्या. स्पीकर मोठा, एफएम असतो, ठळक बटणं असतात, आणि बीएल-५सी सारखी बॅटरी मागचं झाकण काढून घरच्या घरी बदलता येते. यात आमचा नफा कमी आहे, पण त्यांच्यासाठी वस्तू तीच योग्य.

जुन्या प्लेअरमध्ये आवाजाची मर्यादा बहुधा नसते. आठवड्याला ४० तास ऐकायचं असेल तर आवाज सरासरी ८० डेसिबलच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांसाठी हा आकडा ७५ आहे. मुलांसाठी घेत असाल तर सांगा. सेटिंगमध्ये मर्यादा घालता येत असेल तर ती घालूनच देऊ.

गाणी भरून देण्याबद्दल विचारणा होते. बाजारातून उतरवलेली गाणी आम्ही कार्डात भरून देत नाही. ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो आणि तो हक्क त्या कलावंतांचा, कंपन्यांचा आहे. तुमच्या घरच्या ध्वनिमुद्रणांच्या कॅसेट असतील, आजोबांचं भजन किंवा आईच्या आवाजातल्या ओव्या असतील, तर त्या आम्ही काळजीपूर्वक उतरवून देतो. कॅसेटला बुरशी लागली असेल तर घरी वाजवून बघू नका, फीत टेपमध्ये अडकून तुटते.

खरेदी केल्यापासून सात दिवसांत बिलावर लिहिलेल्या तासांपेक्षा बॅटरी कमी चालली, तर प्लेअर परत घेऊन पूर्ण पैसे देऊ. येताना बिल, प्लेअर आणि तुम्ही वापरलेली चार्जिंगची केबल, तिन्ही घेऊन या. निकामी प्लेअर आणि फुगलेल्या बॅटऱ्या घंटागाडीत टाकू नका. आमच्याकडे दिल्यात तर त्या अधिकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याकडे पोहोचवतो. देण्याआधी आतलं मेमरी कार्ड मात्र आठवणीने काढून घ्या.