डेव्हिड बोवीच्या तिजोरीतून पुढं काय निघणार? अंदाजांमागची पार्श्वभूमी

सप्टेंबर 2025 मध्ये 'आय कान्ट गिव्ह एव्हरीथिंग अवे' हा बॉक्स सेट, म्हणजे अनेक डिस्कचा संच, आला आणि ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या जुन्या रेकॉर्डिंगची 2015 पासून चाललेली मालिका संपली. एकूण सहा मोठे बॉक्स, 1969 पासून 2016 पर्यंतची कारकीर्द ओळीनं लावलेली. पहिला आला तेव्हा बोवी हयात होता, नंतर चारच महिन्यांत म्हणजे 10 जानेवारी 2016 ला तो गेला. आता मालिकाच संपल्यावर पुढं काय, असं जो तो विचारतोय आणि याद्यांवर याद्या फिरतायत, पण त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे आपल्याला काय हवंय याच्या याद्या आहेत. खरा अंदाज बांधायचा तर टेप कुणाच्या हातात आहेत आणि त्या हातांना सवय कसली लागलीय, हे आधी बघायला पाहिजे.

बोवीनं हा धडा फार महागात घेतला. सत्तरच्या दशकात टोनी डिफ्रीस या मॅनेजरशी केलेल्या करारात त्याच्या कमाईचा मोठा वाटा गेला, 1975 ला दोघं वेगळे झाले तरी जुन्या रेकॉर्डमधला डिफ्रीसचा हिस्सा काही सुटला नाही. मग 1997 मध्ये त्यानं थेट रोखे काढले. 1990 पर्यंतच्या 25 अल्बमची पुढची रॉयल्टी तारण ठेवून 5 कोटी 50 लाख डॉलर उभे केले, सगळे रोखे प्रुडेन्शियल या विमा कंपनीनं घेतले आणि त्यातलाच पैसा वापरून त्यानं डिफ्रीसचा हिस्सा विकत घेतला. पेपरवाल्यांनी तेव्हा याला पैशाची करामत म्हणून छापलं, पण माझ्या मते आजच्या प्रत्येक रीइश्यूचं, म्हणजे जुनी रेकॉर्ड नव्यानं काढण्याचं, मूळ तिथंच आहे, कारण मास्टर टेपवर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगवर, पूर्ण हक्क त्याचा झाला आणि कंपन्यांना फक्त ठराविक मुदतीचं लायसन्स मिळायला लागलं.

लायसन्स बदललं की रीइश्यू येतात, हे तर आधीपासूनच दिसत होतं. 1989 ला रायकोडिस्क या कंपनीनं 'साउंड अँड व्हिजन' बॉक्सपासून सुरुवात केली आणि जुन्या सीडींवर बोनस ट्रॅक घालून विकल्या. मग हक्क ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडं गेले, त्यांनी 1999 ला सगळं परत रीमास्टर केलं, म्हणजे मूळ टेपवरून आवाज नव्यानं तयार केला, पण बोनस ट्रॅक काढून टाकले. पुढं युनिव्हर्सलनं ईएमआय घेतली तेव्हा युरोपियन कमिशननं काही भाग विकायला लावला, त्यात बोवीचा माल असलेली पार्लोफोन 2013 ला वॉर्नर म्युझिककडं गेली आणि दोन वर्षांत बॉक्सची मालिका चालू. 2021 मध्ये वॉर्नरनं 1968 ते 2016 अशा सगळ्या रेकॉर्डिंगसाठी नवा करार केला, 2022 च्या जानेवारीत गाण्यांचे पब्लिशिंग हक्कही, म्हणजे शब्द आणि चालीचे हक्क, वॉर्नर चॅपेलनं घेतले, बातम्यांनुसार सुमारे 25 कोटी डॉलरला. एवढी रक्कम टाकणारी कंपनी गप्प बसणार नाही, म्हणजे मालिका संपली तरी माल येत राहणार हे नक्की धरा.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. मालिकेतले बॉक्स आले ते सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, दिवाळी-ख्रिसमसच्या तोंडावर म्हणा. एप्रिलमध्ये रेकॉर्ड स्टोअर डेला, म्हणजे रेकॉर्डच्या दुकानांच्या वार्षिक दिवसाला, एखादी लाइव्ह रेकॉर्ड, 2017 ला 1974 ची लॉस एंजेलिसची, 2018 ला 1978 ची लंडनची, 2025 ला 2003 ची रिव्हरसाइड स्टुडिओची. जानेवारीत वाढदिवसाच्या आसपास काहीतरी छोटं. आणि अल्बमला 50 वर्षं झाली की हाफ-स्पीड मास्टरिंगची (निम्म्या वेगानं कोरलेली) एलपी, 'झिगी स्टारडस्ट' 2022 ला, 'अलादिन सेन' 2023 ला, 'डायमंड डॉग्ज' 2024 ला, 'यंग अमेरिकन्स' 2025 ला. इतकं ठरलेलं की यावर पैज लावायलाही कुणी मिळणार नाही.

यात कायद्याचाही भाग आहे आणि तो फारसा कुणी बोलत नाही. युरोपात प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगला 70 वर्षं संरक्षण आहे, पण जे रेकॉर्डिंग 50 वर्षांत बाहेरच आलं नाही त्याचं संरक्षण संपतं. म्हणून 2012 च्या शेवटी बॉब डिलनच्या जुन्या टेपचा एक सेट जेमतेम शंभरेक प्रतींचा काढला होता, फक्त कायद्यापुरता. बोवीच्या बाबतीत 2019 मध्ये 1968-69 चे डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंग, एकापाठोपाठ एक आले, तीन छोटे व्हिनायल सेट आणि नोव्हेंबरात 'कॉन्व्हर्सेशन पीस', त्यामागं हेच गणित असावं असं माझं मत आहे. पण नियम म्हणून धरू नका, कारण 1971 च्या डेमोंचा 'डिव्हाइन सिमेट्री' 2022 ला आला आणि 'झिगी'चा बॉक्स तर 2024 ला.

आता सगळ्यात रंजक भाग, बोवीचं बाहेर न आलेलं काम. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आणि बोवी 1981 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोतल्या स्टुडिओत एकत्र आले, त्यातून निघालेलं 'अंडर प्रेशर' गाणं सगळ्यांना माहितीये. त्याच काळात क्वीनच्या 'कूल कॅट' गाण्यात बोवीनं मागं आवाज दिला होता, पण त्याला तो आवडला नाही म्हणून त्यानं काढायला लावला आणि 1982 च्या अल्बमवर त्याच्याशिवायच गाणं आलं. त्याच स्टुडिओत 1994 ला त्यानं ब्रायन ईनो या संगीतकाराबरोबर तासन् तास उत्स्फूर्त रेकॉर्डिंग केलं, 'लिऑन' नावानं ते इंटरनेटवर फुटलं, त्यातून 'आउटसाइड' अल्बम घडला. नव्वदच्या दशकाचा बॉक्स 2021 ला आला तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता 'लिऑन' येणार, पण नाहीच आलं. त्याच बॉक्समध्ये 'टॉय' मात्र आलं, जे 2001 मध्ये कंपनीनं अडकवलं होतं आणि 2011 ला लीक झालं होतं. फरक नीट बघा. 'टॉय' बोवीला काढायचं होतं, कंपनीनं अडवलं. 'लिऑन'मधून त्यानं स्वतःच पुढं दुसरा अल्बम घडवला. बोवीची इस्टेट, म्हणजे त्याच्यामागं त्याचं काम सांभाळणारी मंडळी, हा फरक पाळते असं मला वाटतं, आणि ते मला पटतं. म्हणून 'लिऑन' आलंच तर 'आउटसाइड'च्या मोठ्या वाढदिवसाला, एकटं नाही.

हाच न्याय 1978 च्या लंडनमधल्या अर्ल्स कोर्ट कार्यक्रमाच्या फिल्मला लावा. डेव्हिड हेमिंग्जनं ती शूट केली, बोवीला आवडली नाही, पडून राहिली. पण 2022 च्या 'मूनएज डेड्रीम' माहितीपटात त्यातली दृश्यं दिसली, तीही काय स्वच्छ! म्हणजे प्रिंट शाबूत आहे आणि इस्टेटची हरकतही मावळलीय. 2028 ला त्या दौऱ्याला 50 वर्षं होतील, माझा तरी जीव त्या तारखेला टांगलाय.

त्याच्याही आधी 'लो'. जानेवारी 1977 चा अल्बम, आणि जानेवारी 2027 ला बोवीचा ऐंशीवा वाढदिवस, दोन्ही एकाच महिन्यात. एलपी तर येणारच, पण खरी मागणी आहे ती रायकोडिस्कच्या 1991 च्या सीडीवरच्या 'सम आर' आणि 'ऑल सेंट्स' या दोन ट्रॅकची, जे 2017 च्या बॉक्समध्ये, म्हणजे बोवीच्या सत्तरच्या दशकाअखेरच्या बर्लिन काळाच्या बॉक्समध्ये, घेतलेच नव्हते. त्या बॉक्सला आणखी एक डाग होता, 'हीरोज' गाण्यात मध्येच आवाज खाली जायचा, कंपनीनं आधी मूळ टेप खराब असल्याचं सांगितलं, फॅन्सनी रान उठवल्यावर डिस्क बदलून दिल्या. त्यामुळं ऑक्टोबर 2027 ला 'हीरोज'ची पन्नाशी येईल तेव्हा मास्टरिंगवर सगळ्यांचे कान असणार. शेवटच्या बॉक्समध्ये 2002 चा माँत्रो फेस्टिव्हलचा अख्खा कार्यक्रम आलाय, त्यात बोवीनं जवळजवळ पूर्ण 'लो' वाजवला होता. तेवढाच भाग वेगळ्या एलपीवर काढणं सगळ्यात सोपं आहे, म्हणून 2027 च्या रेकॉर्ड स्टोअर डेसाठी माझं मत त्यालाच.

लंडनच्या व्ही अँड ए म्युझियमनं सप्टेंबर 2025 ला उघडलेल्या बोवी सेंटरवरून मात्र लोक फार उड्या मारतायत. तिथं 90 हजारांवर वस्तू आहेत, कपडे, वह्या, वाद्यं, आणि अठराव्या शतकातल्या लंडनवरच्या एका संगीत नाटकाच्या चिठ्ठ्याही, त्याच्या न्यूयॉर्कच्या अभ्यासिकेत सापडलेल्या. अप्रतिम ठेवा आहे, पण तो कागद आहे, त्यातून अल्बम निघत नाही. टेप म्हणाल तर बोवीचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी यानं सांगितलेले, शेवटच्या आठवड्यांतले पाच नव्या गाण्यांचे डेमो. शेवटचा बॉक्स आला तरी त्यात ते नव्हते. 2016 ची कामं संपवणाऱ्या बॉक्समध्येच जे घातलं नाही ते इतक्यात येत नसतं, त्यामुळं माझ्या यादीत ते तळाला.