शरीर न आवडणं वेगळं, स्वतःवर पहारा ठेवणं वेगळं

बेळगाव, निपाणी, खानापूरच्या कॉलेजांत मुलींसाठी स्वतःच्या शरीराबद्दल वाटणाऱ्या भावनांवर कार्यशाळा होतात, फॉर्म भरून घेतले जातात, आणि दर वेळी या दोन गोष्टी एकाच नावाखाली जातात.

पहिली सगळ्यांना माहीत आहे. खडेबाजारात ड्रेस अंगाला लावून "दंड जाड दिसतात गं" म्हणणं, ही नाराजी. तिच्याबद्दल एवढं पुरे.

दुसरी म्हणजे स्व-वस्तूकरण. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स यांनी १९९७ साली ती मांडली: बघणाऱ्याची नजर मुलीच्या आतच येऊन बसते. वक्तृत्व स्पर्धेत साडी नेसून उभी असलेली मुलगी घ्या. आपण छान दिसतोय हे तिला ठाऊक आहे, आवडतंयही. तरी निम्मं लक्ष पदरावर, निऱ्यांवर, आत ओढून धरलेल्या पोटावर. तेवढ्यात भाषणातला पुढचा मुद्दा निसटतो. नाराजी नाही, पण पहारा अखंड. १९९८ च्या प्रयोगात अमेरिकन विद्यार्थिनी खोलीत एकट्याच होत्या, पाहणारं कुणी नव्हतं. तरी स्विमसूट घातलेल्यांना गणित स्वेटरवाल्यांपेक्षा कमी जमलं.

मोजणीत घोळ होतो तो इथेच. स्व-वस्तूकरणाच्या प्रचलित प्रश्नावलीत शरीराचे दहा गुण महत्त्वानुसार क्रमाने लावायचे असतात: पाच दिसण्याचे (वजन, मापं वगैरे), पाच क्षमतेचे (ताकद, आरोग्य वगैरे). महत्त्वाप्रमाणे मिळालेल्या अंकांची बेरीज करून दिसण्याच्या बेरजेतून क्षमतेची वजा करायची; उत्तर उणे २५ ते अधिक २५, आणि अधिक म्हणजे दिसण्याला जास्त महत्त्व. आपलं वजन आवडतं का, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. म्हणून अधिक २० आले की "हिला स्वतःचा तिटकारा आहे" असं लिहिणं साफ चूक.

"आमच्या समाजात भरलेलं अंग चालतं, आमच्या मुलींना हा त्रास नाही" हे वाक्य तर मला अजिबात पटत नाही. मराठी, कन्नड, उर्दू, कुठल्याही घरातलं असो. अमेरिकेत कृष्णवर्णीय तरुणी गोऱ्या तरुणींपेक्षा आपल्या शरीरावर सहसा जास्त समाधानी आढळतात. पण २००४ साली तोच स्विमसूटचा प्रयोग गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई वंशाच्या स्त्री-पुरुषांवर झाला, तेव्हा गणित सगळ्याच गटांचं घसरलं.

म्हणून प्रश्न दोन विचारा, आणि वेगवेगळे: "तुला तुझं शरीर आवडतं का?" आणि "दुसरं काही करत असताना आपण कसे दिसतोय हे दिवसातून किती वेळा मनात येतं?" मराठी मुलीला मराठीत, कन्नड मुलीला कन्नडमध्ये. भाषांतर झालं की मूळ प्रश्न न पाहिलेल्या माणसाकडून ते परत मूळ भाषेत करून घ्या. "शरीरावर लक्ष ठेवतेस का?" असं छापलंत, तर मुली तब्येतीची काळजी समजून "हो" लिहितील.