सॅन पेद्रो: जूनमधल्या पाण्याचा माग

सॅन पेद्रो नदी मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात, कनानेआ या तांब्याच्या खाणीच्या गावाजवळ उगम पावते. तिथून ती उत्तरेकडे वाहत अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात शिरते आणि साधारण २३० किलोमीटरनंतर हीला नदीला मिळते. सोनोरन आणि चिवावन या दोन वाळवंटांच्या सांध्यावरचा हा मुलूख. खोऱ्याच्या तळाला वर्षाकाठी ३०० ते ३५० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून अधिक जुलै ते सप्टेंबरमध्ये. तिथेही त्याला मॉन्सूनच म्हणतात. त्याआधीचे एप्रिल, मे, जून जवळजवळ कोरडे जातात. तरीही भर जूनमध्ये, डोंगरावर बर्फ नाही आणि आकाशात ढग नाही अशा वेळी, या नदीच्या काही टप्प्यांत पाणी वाहत असते. हे पाणी येते कुठून आणि ते कोण कमी करते, या प्रश्नांचा पाठपुरावा तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

नदी पूर्वी अशी नव्हती. १८२० च्या दशकात बीव्हरच्या (ओढ्यांवर बांध घालणाऱ्या, पाण्यात राहणाऱ्या कुरतड्या प्राण्याच्या) कातड्यासाठी फिरणाऱ्या शिकाऱ्यांना इथे इतके बीव्हर सापडले, की त्यांनी तिला बीव्हरची नदी असेच नाव दिले. पात्र उथळ होते आणि जागोजागी दलदली होत्या. १८७० च्या दशकाच्या अखेरीस इथे वसलेल्या लोकांना हिवतापाने हैराण केले होते. आज तिथले कोरडे काठ पाहताना यावर विश्वास बसणे कठीण जाते.

मग थोड्याच वर्षांत बरेच काही घडले. १८७७ मध्ये फोर्ट वाचुका ही लष्करी छावणी बसली आणि त्याच वर्षी टूम्बस्टोनला चांदी सापडली. टूम्बस्टोनला पाणी नव्हते, म्हणून खनिज कुटण्याच्या गिरण्या नदीकाठी चार्ल्सटनला उभ्या राहिल्या. रेल्वे आली आणि तिच्यामागून गुरांचे मोठे कळप आले. ३ मे १८८७ ला उत्तर सोनोरात मोठा भूकंप झाला आणि खोऱ्यातल्या झऱ्यांची घडी विस्कटली. १८९१ ते १८९३ च्या दुष्काळात चराई झालेली उघडी जमीन तापत राहिली आणि त्यानंतरच्या पुरांनी नदीचे पात्र खोल खणून काढले. उथळ, पसरट नदी काही दशकांत उभ्या कडांच्या घळीत गेली आणि दलदली ओसरल्या. यातले किती गुरांमुळे, किती हवामानामुळे आणि किती भूकंपामुळे, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. घळ पडण्याआधीच्या प्रवाहाचे एकही मोजमाप नसल्यामुळे तो वाद मिटण्यासारखा नाही.

मोजणीची सुरुवात १९०४ मध्ये चार्ल्सटनला झाली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे हे प्रवाहमापन केंद्र, मधले खंड धरूनही, या वाळवंटी भागातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक आहे. तत्त्व साधे आहे. पाण्याची उंची सतत टिपायची, अधूनमधून पात्रात उतरून वेग आणि छेद मोजायचा आणि दोन्हींची सांगड घालून प्रवाहाचा आकडा काढायचा. अडचण वाळूची. एका पुरात पात्राचा तळ बदलतो आणि कालचे कोष्टक आज लागू पडत नाही. त्यामुळे वाळवंटी नदीवर यंत्र बसवून घरी जाता येत नाही, माणसाला पुन्हा पुन्हा पाण्यात उतरावे लागते.

त्याच सुमारास कायद्याने मात्र वेगळीच वाट धरली. १९०४ मध्येच ॲरिझोनाच्या प्रादेशिक सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की जमिनीखाली झिरपणारे पाणी जमीनमालकाचे आणि वाहत्या पाण्याचे नियम त्याला लागू नाहीत. १९३१ च्या दुसऱ्या निकालाने नदीच्या वाळूतून नदीबरोबर सरकणारे पाणी तेवढे नदीचे मानले, बाकीचे भूजल मोकळेच राहिले. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात निश्चित प्रवाहमार्ग नसलेले भूजल जमीनधारकाने उपसावे हीच धारणा आहे, आणि दोन्हींचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या न्यायालयांत आहे. जमिनीखालचे पाणी कसे वाहते हे कोणालाच नीट कळत नव्हते, त्या काळातले हे नियम.

कळायला लागले ते १९३० नंतर. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले चार्ल्स थाइस यांनी १९३५ मध्ये विहिरीतल्या उपशाने आजूबाजूची पाणीपातळी काळानुसार कशी खाली जाते याचे समीकरण मांडले. १९४० च्या लेखात त्यांनी त्याहून मोलाचा मुद्दा सांगितला. विहिरीतून निघालेले पाणी आधी साठ्यातून येते, पण पुढेमागे ते कुठल्यातरी झऱ्यातून, नदीतून किंवा झाडांच्या वाट्यातून वजा होते. उपसा पुनर्भरणापेक्षा, म्हणजे पावसातून जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा, कमी आहे म्हणून नदी सुरक्षित, हा सर्रास केला जाणारा युक्तिवाद या एका लेखाने मोडीत निघतो. पुनर्भरण होऊन जमिनीत गेलेले पाणी मुळात नदीलाच मिळणार होते. तरीही हा युक्तिवाद आजही ऐकू येतो, तिकडेही आणि आपल्याकडेही.

पावसाचे पाणी जमिनीत जाते कुठे, याचा शोध टूम्बस्टोनभोवतीच्या वॉलनट गल्च या प्रायोगिक पाणलोटात सुरू झाला. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५३ मध्ये सुरू केलेला हा पाणलोट जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचा, पण त्यात ऐंशीहून अधिक पर्जन्यमापक आहेत. इतके कशाला लागतात? कारण मॉन्सूनचा ढग एका टेकडीवर कोसळतो आणि पलीकडची टेकडी कोरडी राहते. इथले ओढे वर्षातले बहुतेक दिवस कोरडी वाळू असतात. पूर येतो तो गाळाने जड झालेला. नेहमीचे मोजबंधारे अशा पुरात वाळूने भरून जातात, म्हणून पाणी जोरात पुढे काढून देणाऱ्या, तळ स्वच्छ ठेवणाऱ्या खास घडणीच्या मोजनाल्या तयार कराव्या लागल्या. त्या एकाखाली एक बसवल्यावर दिसून आले, की वरच्या नालीतून गेलेला पूर खालच्या नालीपर्यंत येताना कितीतरी लहान होतो आणि कधी पोचतच नाही. मधल्या वाळूने तो पिऊन टाकलेला असतो. पावसाळी देशांत ओढा खाली जाताना मोठा होतो, इथे उलटे.

दरम्यान फोर्ट वाचुकाभोवती सिएरा व्हिस्टा हे शहर वाढत होते. १९५६ मध्ये ते अधिकृत नगर झाले आणि आज तिथे चाळीस हजारांहून अधिक माणसे राहतात. छावणी आणि शहर दोन्ही भूजलावर. विहिरी नदीपासून काही किलोमीटर अंतरावर असल्यामुळे नदीशी त्यांचा संबंध डोळ्यांना दिसत नाही. शहराखाली मात्र पाणीपातळी खोलगट होत गेली.

१८ नोव्हेंबर १९८८ ला अमेरिकी काँग्रेसने नदीच्या सुमारे ६४ किलोमीटरच्या पट्ट्याला राष्ट्रीय संवर्धन क्षेत्राचा दर्जा दिला. साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी या हिरव्या पट्टीत नोंदले गेले आहेत, त्यांतले बरेचसे स्थलांतराच्या वाटेवरचे. याच कायद्यात संवर्धनाला पुरेल एवढ्या पाण्याचा हक्कही नदीसाठी राखला गेला. ‘पुरेल एवढ्या’ म्हणजे किती, हे सांगायला मोजमाप लागणार होते.

नव्वदच्या दशकात म्हणूनच इथे शास्त्रज्ञांची गर्दी झाली. कृषी संशोधकांनी १९९७ मध्ये माती, झाडे, हवा आणि पाणी यांची एकत्र मोजणी करणारी मोठी मोहीम काढली. तिच्यातून पुढे आलेली एक गोष्ट मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर वाटते. नदीकाठी कॉटनवुड आणि विलोची उंच झाडे आहेत, जरा वर मेस्किट. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची भावकी. तिचे मूळ किती खोल जावे? टूसॉनजवळच्या एका उघड्या खाणीत ते ५३ मीटरांवर सापडले होते. या झाडांच्या पाणी ओढण्याचा ठसा थेट नदीच्या पातळीवर उमटतो. उन्हाळ्यात काठच्या निरीक्षण विहिरीतली पातळी दिवसा उतरते आणि रात्री सावरते, रोज, आलेखावर लाटेसारखी. शरद ऋतूत पहिले दहिवर गोठले, पाने गळाली, की पावसाचा थेंब नसताना नदी वाढते. झाडांनी पाणी घेणे थांबवलेले असते, म्हणून जमिनीतले पाणी पुन्हा पात्रात येते. नदी आणि भूजल एकच आहेत याचा याहून सोपा पुरावा शोधूनही मिळणार नाही.

रसायनशास्त्राने त्यात भर घातली. हिवाळ्यातला पाऊस आणि मॉन्सूनचा पाऊस यांच्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जड समस्थानिकांचे (त्याच मूलद्रव्याच्या वजनाने जड अणूंचे) प्रमाण वेगळे असते. त्यावरून कळले, की खोऱ्यातले खोल भूजल मुख्यतः डोंगरांवरच्या हिवाळी पावसाचे आहे. कार्बनच्या कालमापनानुसार त्यातले काही हजारो वर्षांपूर्वीचे. काठच्या गाळात मात्र मॉन्सूनच्या पुराचे ताजे पाणी मिसळलेले असते, आणि ज्या टप्प्यात नदी जमिनीला पाणी देते तिथे त्याचा वाटा मोठा असतो. म्हणजे जूनमधल्या पाण्याचे दोन आईबाप आहेत, आणि दोन्ही सांभाळावे लागतील.

खोल साठा वाढला की घटला हे ओळखायला विहिरी पुरत नाहीत, कारण त्या महाग आणि विरळ. म्हणून भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षण मोजायला सुरुवात केली. पायाखाली एक मीटर जाडीचा पाण्याचा थर वाढला, तर गुरुत्वाकर्षणात दोन कोटींहून अधिक भागांत एक भाग इतकी वाढ होते. एवढासा फरक टिपणारी उपकरणे त्याच त्या खुणेवर वर्षानुवर्षे ठेवली, तर साठ्याचा हिशेब मिळतो.

१९९८ मध्ये छावणी, शहर, सरकारी खाती आणि संवर्धन संस्था यांची एक भागीदारी स्थापन झाली. १९९९ पासून दर जूनच्या तिसऱ्या शनिवारी स्वयंसेवक नदीच्या पात्रातून चालत जातात. कुठे पाणी सुरू होते आणि कुठे संपते, त्या दोन बिंदूंची जीपीएसवर नोंद करतात. सारी नदी एकाच दिवशी मोजायची, वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात. या उपक्रमाला मी मोठ्या केंद्राइतकेच मानतो. केंद्र एका जागेचा आकडा देते. चालणारी माणसे मात्र सांगतात, की वरचा टप्पा आटतो आहे आणि अमुक झऱ्याखालचा टिकून आहे. शिवाय ज्यांनी चटका देणाऱ्या वाळूत ते टोक स्वतः शोधले, त्यांना पुढे भूजलाच्या सभेत आकडे समजावून द्यावे लागत नाहीत.

२००३ च्या लष्करी संरक्षणविषयक कायद्यातल्या कलमाने भागीदारीला २०११ पर्यंत उपसा शाश्वत पातळीवर आणण्याचे उद्दिष्ट दिले आणि दरवर्षी काँग्रेसला अहवाल मागितला. दोनच वर्षांत, जुलै २००५ मध्ये, चार्ल्सटन केंद्राच्या नोंदीत प्रथमच प्रवाह शून्य लागला. मॉन्सून उशिरा आला होता हे खरे. पण त्याआधीच्या कितीतरी वाईट वर्षांत तिथे शून्य लागला नव्हता. तुलनेला जुनी नोंद नसती, तर तो एक कोरडा आठवडा म्हणून विसरला गेला असता.

त्यानंतर २००७ मध्ये सीमेपलीकडच्या मेक्सिकन भागासह खोऱ्याचे भूजल प्रारूप, म्हणजे जमिनीखालचे पाणी कसे सरकते याची संगणकी मांडणी, प्रसिद्ध झाले आणि २००८ मध्ये त्यावरून नकाशे निघाले. नकाशात कुठल्याही जागी बोट ठेवा: तिथे विहीर चालवली, तर दहा किंवा पन्नास वर्षांनी तिच्या पाण्यातला किती वाटा नदी, झरे आणि काठच्या झाडांच्या वाट्यातून आलेला असेल, ते कळते. थाइस यांचे १९४० चे म्हणणे इथे जागेनिशी उतरले. दूरच्या विहिरीचा परिणाम उशिरा पोचतो, आणि विहीर बंद केल्यावरही तो बराच काळ चालू राहतो. नदीत घट दिसल्यावर उपाय करू म्हणणे म्हणूनच धोक्याचे आहे.

छावणीने आपला उपसा बराच कमी केला आहे. शुद्ध केलेले सांडपाणी आणि पावसाचे पाणी शहर आणि नदी यांच्या मध्ये जमिनीत मुरवले जाते, म्हणजे खोलगट भाग आणि नदी यांच्यात पाण्याचा उंचवटा तयार व्हावा. न्यायालयांत मात्र दोन पावले पुढे, एक मागे. सिएरा व्हिस्टामध्ये सुमारे ७००० घरांच्या वसाहतीला पाणी पुरेसे आहे का हे ठरवताना नदीचा अजून न मोजलेला हक्क विचारात घेण्याची गरज नाही, असे २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २०२३ मध्ये दुसऱ्या न्यायालयाने तो हक्क अखेर आकड्यांत मांडला, आणि त्यात प्रवाहमापन केंद्रांच्या जोडीने निरीक्षण विहिरींच्या पातळ्याही घेतल्या. १९०४ च्या निकालाने वेगळे काढलेले भूजल नदीच्या हक्काच्या हिशेबात आले, ते वर्षानुवर्षे भरलेल्या नोंदवह्यांमुळे. उगमाकडच्या मेक्सिकन भागात, जिथे कनानेआची खाण पाणी उपसते, तिथल्या नोंदी मात्र अजूनही विरळ आहेत, आणि सीमेखालून येणाऱ्या पाण्यावर दोन्ही देशांचा कुठलाही करार नाही.