आबांची पाऊणकी आणि तात्यांची वही

मालवणच्या आमच्या घरात आकड्यांवर जगणारी माणसं दोन. मोठे काका, आबा, जन्मभर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला गेलेले. धाकटे, तात्या, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. आबांचा हिशेब तोंडी. कॅलेंडरवर तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. पंचमी असली तर पावणेचारला भरती पूर्ण, अष्टमीला सहाला. शाळेतली पाऊणकी आम्ही कधीच विसरलो, त्यांची अजून तोंडपाठ आहे.

तात्यांकडे लांब फुलस्केप वही आहे. डावीकडे लॉटरीच्या सोडतीची तारीख, पुढे पहिल्या बक्षिसाचा नंबर, त्याच्या शेवटच्या दोन अंकांभोवती लाल गोल. बरेच दिवस न आलेल्या जोड्यांसाठी मागची पानं राखीव. तिथली एखादी जोडी मनात धरून ते स्टँडजवळच्या स्टॉलवर जातात आणि तिकिटांची चळत उलटीपालटी करत ४७ने संपणारं तिकीट शोधतात. मागे चार माणसं ताटकळली तरी फिकीर नाही.

कोणी टोकलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘‘आबांचेय आकडेच, माझेय आकडेच. त्येंका जमता, तर माका कित्याक नाय?’’

प्रश्न वाटतो तितका बाष्कळ नाही. दोन्हीकडे मागच्या नोंदी आहेत, दोन्हीकडे आकड्यांचे रकाने आहेत आणि दोघांनाही उद्याचं सांगायचं आहे. भरती-ओहोटीचे जे तक्ते सर्व्हे ऑफ इंडिया छापते, तेही बंदरांवरच्या मागच्या नोंदींवरूनच बांधलेले असतात.

आता आबांचा हिशेब चालतो कशामुळे ते बघा. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. पाऊणपट म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटं, म्हणजे हिशेब जरा तोकडाच पडतो, आणि बंदर बदललं की आणखी थोडा फरक. पण रापण ओढायला एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. म्हणजे कालची भरती आणि आजची भरती यांना बांधणारा एक दोर आहे, आणि तो आकाशात आहे. आबांची नोंद जुनी असली तरी तिला जन्म देणारा चंद्र अजून तिथेच, त्याच चालीने फिरतो आहे.

तात्यांच्या वहीत हा दोर नाही. सोडतीच्या यंत्रातल्या चकतीला किंवा चेंडूला गेल्या आठवड्यात आपण निघालो होतो की नाही, हे ठाऊक नसतं. तात्या म्हणतात, ‘‘चार म्हयने हो आकडो येवक नाय. आता जातलो खंय?’’ कुठेही जाऊ शकतो. ०० ते ९९ अशा शंभर जोड्या आणि मागच्या शंभर सोडती घ्या. एखादी ठरावीक जोडी त्यांत एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के निघते. म्हणजे वही कधीही उघडा, सुमारे ३७ जोड्या ‘थकलेल्या’ दिसणारच. तात्यांना ती खूण वाटते. मला विचाराल तर अशा जोड्या दिसल्या नसत्या तरच शंका घ्यायला हवी होती.

इटलीत या समजुतीची किंमत अख्ख्या देशाने मोजली. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा २००३पासून जवळजवळ दोन वर्षं आला नाही. लोकांनी त्याच्यावर अब्जावधी युरो लावले, कर्जं काढली. ९ फेब्रुवारी २००५ला तो आला, पण तोवर कित्येक घरं धुऊन निघाली होती. बल्गेरियात याच्या नेमकं उलट झालं. सप्टेंबर २००९मध्ये ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे सहाच्या सहा आकडे लागोपाठ दोन सोडतींत आले. पहिल्या खेपेला कोणाकडेच नव्हते, दुसऱ्या खेपेला १८ जणांनी तेच लावलेले होते. ‘आलेला आकडा परत लगेच येत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे अठरा जण आठवावेत. अर्थात त्यांचंही ते कसब नव्हतं.

मग आकडे निवडायच्या सगळ्याच पद्धती सारख्या का? नाही, आणि इथेच अशा पद्धती विकणारे लोक गोंधळ घालतात. ४९तून सहा आकडे निवडायच्या खेळात १,३९,८३,८१६ जुळण्या होतात. एक पद्धत सांगते, आठ आकडे निवडा आणि त्यांतून होणारी २८ तिकिटं घ्या. शक्यता २८ पट वाढते हे खरं, म्हणजे ४,९९,४२२त एक. पण डोळे मिटून कोणतीही वेगवेगळी २८ तिकिटं घेतलीत तरी तेवढीच. पद्धतीने फक्त छोटी बक्षिसं एका ठिकाणी गोळा होतात, आणि पैसे २८ तिकिटांचेच जातात.

दुसरी गोष्ट वेगळी आहे: बक्षीस वाटून घ्यायचं असेल तर आपला आकडा किती जणांकडे आहे याला महत्त्व येतं. ब्रिटनमध्ये १४ जानेवारी १९९५च्या सोडतीत पहिलं बक्षीस १३३ जणांत विभागलं गेलं. एक कोटी साठ लाख पौंडांवरची रक्कम, आणि प्रत्येकाच्या पदरी सव्वा लाख पौंडांच्याही आत. वाढदिवसाच्या तारखा बरेच जण लावतात, म्हणून ३१च्या वरचे आकडे घेणं हा सल्ला चुकीचा नाही. त्याने जिंकणं जवळ येत नाही, जिंकलात तर भागीदार कमी होतात एवढंच. तात्यांच्या छापील तिकिटाला हेही लागू नाही. तिथे त्या नंबरचं तिकीट एकाकडेच असतं.

खरोखर चाललेली पद्धत म्हणून स्टीफन मँडेलचं नाव घ्यावं लागेल. १९९२मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या लॉटरीत एकूण ७०,५९,०५२ जुळण्या होत्या, तिकीट एक डॉलरचं आणि बक्षीस दोन कोटी सत्तर लाखांचं. त्याच्या गटाने सगळीच तिकिटं घ्यायचं ठरवलं. वेळ कमी पडला, पन्नास लाखांच्या आसपासच हाती आली, तरी जिंकणारं त्यांत होतं. त्याने आकडा ओळखलाच नाही, त्याने भाव बघितला. आणि भाव रोज असा नसतो. आपल्याकडे तर मोठ्या बक्षिसावर ३० टक्के आयकर आधी कापला जातो.

वही तपासायची तर सोपी कसोटी आहे. सोडतीच्या आधी आकडा लिहून ठेवायचा, चुकला तरी खोडायचा नाही, आणि शेजारच्या रकान्यात असाच उचललेला आकडा लिहायचा. तात्या तयार झाले. शेजारच्या रकान्यासाठी त्यांची सात वर्षांची नात हाऊजीच्या सोंगट्या पिशवीतून काढायची. साठ सोडती झाल्या. तात्यांची जोडी एकदाही आली नाही, नातीची एकदा आली. साठ सोडतींत असं काहीही होऊ शकतं, हे मी आबांच्या देखत दोनदा समजावून सांगितलं.

तात्यांनी वही मिटली, चष्मा पुसला आणि नातीला हाक मारली, ‘‘बाय, ती पिशवी खंय ठेवलंस गो?’’