लिलीच्या कांद्याचा सोलापुरी हिवाळा

अमरिलिस लिलीची फुललेली कुंडी नर्सरीतून घरी येते, आठ-दहा दिवस बैठकीच्या खोलीची शोभा वाढवते आणि फुलं सुकली की प्रश्न पडतो, आता हिचं काय करायचं? इंटरनेटवर सल्ला मिळतो: उन्हाळ्यात बाहेर ठेवा, थंडी पडायच्या आत घरात घ्या. हॉलंडमध्ये तो अगदी योग्य आहे. तिथे पारा शून्याखाली जातो, कांद्याच्या पेशींतलं पाणी गोठतं आणि बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात. सोलापुरात एवढी थंडी कधीच पडत नाही. इथे कांद्याला जपायचं ते मे महिन्याच्या उन्हापासून आणि सप्टेंबरच्या पावसापासून.

आधी कांदा बघू. तो उभा चिरला तर तळाशी एक घट्ट चकती दिसते. मुळं तिच्यातून खाली जातात, वरचे पांढरे पापुद्रे म्हणजे पानांचेच फुगलेले बुडखे. पापुद्र्यांच्या मध्ये नीट पाहिलं तर चपट्या, फिकट कळ्या सापडतात. या झाडाचा हिशेब ठरलेला आहे: चार पानं, मग एक फुलांचा दांडा, पुन्हा चार पानं. कळी आत धरल्यापासून बाहेर पडायला साधारण वर्ष लागतं. म्हणजे फुलं बघताना पुढच्या कळ्या आत तयार होतच असतात, आणि त्यांना पोसतात ती पानं. म्हणून सुकलेला दांडा बुडाशी कापा, पण हिरव्या पानाला हात लावू नका. फुलून गेलेला कांदा दाबला तर मऊ लागतो, कारण साठा संपलेला असतो. पावसाळ्याचे चार महिने पानांना चांगला उजेड मिळाला की तो पुन्हा टणक होतो.

या उजेडासाठीच कुंडी बाहेर न्यायची, पण थेट गच्चीवर नको. घरात वाढलेलं पान पातळ असतं. त्याला झेपतो त्याच्या कितीतरी पट प्रकाश एकदम पडला, तर वापरता न आलेली ऊर्जा हरितद्रव्याचीच मोडतोड करते आणि दोन दिवसांत पानावर पांढरट, कागदासारखे चट्टे पडतात. ते पान पुन्हा हिरवं होत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, स्लॅबवर ठेवलेली काळी प्लास्टिकची कुंडी तापून मुळंही भाजतात. मृग लागून आभाळ यायला लागलं की कुंडी बाहेर काढावी, तीही आधी आठ-दहा दिवस सावलीत आणि मग सकाळचं नऊ-दहापर्यंतचं ऊन मिळेल अशा जागी. बाहेर फुटलेली नवी पानं जाड आणि कणखर असतात.

माती मात्र काळी नको. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्या ओलीवरच मंगळवेढ्याची मालदांडी पाऊस संपल्यावरही पिकते. ज्वारीला जे वरदान, ते कुंडीतल्या कांद्याला घातक. भिजलेली चिकण माती फुगते, हवेच्या पोकळ्या बुजतात, मुळं गुदमरतात आणि कांदा तळातून सडू लागतो. सोलापूरला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, तेव्हा झड लागली तर कुंडी आडोशाला घ्या. लाल माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत हे मिश्रण बरं. कांद्याचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर ठेवावा.

याच दिवसांत पानांवर पांढऱ्या आणि तांबड्या ठिपक्यांच्या काळ्या अळ्या दिसतात. या लिलीवरच्या पतंगाच्या अळ्या. त्यांची फौज दोन रात्रींत पानं बुडखापर्यंत फस्त करते. पानाची खालची बाजू रोज बघणं आणि अळ्या वेचून काढणं, हाच खात्रीचा उपाय.

आता हिवाळा. या लिलीचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतले. त्यातल्या अनेकांच्या मुलखात कोरडा ऋतू असतो आणि तेव्हा ते विश्रांती घेतात. ट्युलिपचं तसं नाही. त्याला दोन-तीन महिने पाच ते नऊ अंशांची थंडी मिळाली नाही तर दांडा लांबत नाही, कळी आतच करपते. म्हणून ट्युलिप श्रीनगरला बहरतो, सोलापुरात नाही. अमरिलिसचे व्यावसायिक उत्पादक कांदे आठ-दहा आठवडे साधारण १३ अंशांवर ठेवतात. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १५ अंशांच्या आसपास असतात, तेवढं पुरतं. फ्रीजची गरज नाही.

दिवाळीनंतर पाणी कमी करत बंद करा. पानं पिवळी पडतील. त्यांतला अन्नरस कांद्यात उतरत असतो, म्हणून ती आपसूक वाळू द्या. कुंडी कोरड्या, हवेशीर सावलीत ठेवा. कांदा उपटून ठेवणार असाल तर स्वयंपाकघरातल्या कांद्यांपासून लांब ठेवा. त्यात लायकोरिन नावाचं विष असतं, पोटात गेलं तर उलट्या होतात. संक्रांतीला सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे सोलापूरची जत्रा, भरेपर्यंत दोन-अडीच महिन्यांची विश्रांती झालेली असते. मग वरची माती बदलून एकदा भरपूर पाणी द्यायचं, आणि कोंब दिसेपर्यंत अगदी बेतानं.

आधी चपटं, बोथट टोक वर आलं तर तो फुलांचा दांडा. नुसती पानंच आली तर गेल्या मोसमात साठा कमी पडला असं समजा आणि यंदा जास्त उजेड द्या. शेजारी फुटलेली पिल्लं वेगळी लावली तर फुलायला दोन-तीन वर्षं घेतात.